थडीगावच्या घाटास सभेने नाव दिले, त्याची हकीकत

नमन पहिले सभेच्या पायरीला, कारण तिथे मोठ्या मोठ्यांचे जोडे निघतात. नमन दुसरे त्या जोड्यांच्या ढिगाला. आणि नमन तिसरे त्या ढिगातून पायाने बाजूला सारलेल्या एका वहाणजोडाला, जो एका बाईचा होता, आणि तिचीच ही हकीकत. बसा नीट. पाणी प्यायचे असेल तर आत्ता प्या, मधे उठू नका.

शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर. मुलखाचे नाव आम्ही सांगत नाही, ओळखणारा ओळखील आणि न ओळखणाऱ्याला सांगून उपयोग काय. त्या मुलखात महाराज तक्तावर होते आणि महाराजांच्या पुढे सभा होती आणि सभेत तीनशे बैठका होत्या आणि दर परगण्याने कौल देऊन एकेक सभासद धाडायचा आणि दर पाच वर्षांनी कौल नव्याने फिरायचा, ऐसी मोठी न्यायाची रीत होती. आणि बोलायचा कायदा असा, की ज्याला बोलणे असेल त्याने उठावे, डोईचे पागोटे उतरून महाराजांच्या समोर गालिच्यावर ठेवावे, मग तोंड उघडावे. पागोटे खाली म्हणजे डोके महाराजांच्या स्वाधीन, म्हणजे आता हा खोटे बोलणार नाही. पागोटे ठेवल्यावाचून कोणी छप्पर उडेल इतका ओरडला तरी तो बोललाच नाही, असे धरीत. आणि एका कौलात एका पागोट्याला वाक्य एकच. पूर्वी म्हणे कोणी सभासद बोलायला उभा राहिला, आणि त्याचे संपेतो दोन महाराज बदलले, तेव्हापासून ही बंदी. वाक्य संपले की चोपदाराने काठी आपटावी, सभासदाने पागोटे उचलावे आणि पुढच्या कौलापर्यंत गप बसावे.

आता तीनशे बैठकांवर तीनशे पुरुष, आणि बायकांचा विषय निघाला की सभा हसायची आणि मग पानसुपारी व्हायची. ऐसी किती वर्षे गेली. मग परमुलखाचा एक वकील भेटीस आला, त्याने झुंबरे पाहिली, हत्ती पाहिले, सभा पाहिली, आणि जाता जाता सहज विचारते जाहला, “महाराज, आपल्या मुलखात बायका नसतात काय?” महाराजांना फार लागले. वकिलाची पाठ वळताच डंका पिटवला, की आजपासून बायकांनीही कौल द्यावा आणि बायकांनीही बैठकीवर बसावे. तोफा झाल्या, साखर वाटली, कवींनी महाराजांवर कवने केली. मग कौल फिरला आणि तीनशे बैठकांवर बाई आली ती एक. दिवाण नारोपंत म्हणाले, “दार उघडले ना? मग झाले. आता कोणी आत येत नाही, त्याला महाराजांनी काय करावे?”

ती एक म्हणजे थडीगावची धोंडाबाई, म्हाळू कुंभाराची बायको. आवाज भरड, चाल दांडगी, नखांत माती. तिला सभेची हौस होती असे कोणी समजू नये. थडीगाव सोनाई नदीच्या अल्याड, आणि सुईण पल्याड, वैद्य पल्याड, मामलेदाराची कचेरीही पल्याड. घाटावर एक नाव होती, पण ती सरकारची. सरकारी काम असले तर सुटायची, नसले तर नावाडी तिच्यात आडवा होऊन झोपायचा. धोंडाबाईचा एकुलता मुलगा पटकीने आधीच गेलेला, मागे त्याची बायको काशी, दिवस भरलेले. सोनाईला पाणी चढलेले आणि भर दुपारी काशी अडली. धोंडाबाईने नावाड्याचे पाय धरले. तो बिचारा रडकुंडीला आला, म्हणाला, “काकू, माझ्या मनात का नाही? पण हुकूम आणा. हुकमावाचून मी दोर सोडला तर ते मला सोडतील काय?” आणि हुकूम मिळायचा पल्याडच्या कचेरीत, आणि कचेरीला जायचे तर नाव पाहिजे. हे कोडे सुटेतो काशी घाटाच्या पायरीवरच गेली. पोर जगली. तिला गवरा म्हणाले, आणि शेळीच्या दुधावर वाढवली.

मग धोंडाबाई म्हणाली, “सभेत एकच वाक्य बोलू देतात ना? मलाही एकच बोलायचंय. गावाला एक नाव मागते, कुणाला न विचारता सुटणारी.” आणि गावाने कौल दिला, परगण्यानेही त्याचीच री ओढली. बाईवर भरवसा होता म्हणून नव्हे, खरे सांगायचे तर राजधानीपर्यंत पायपीट करायला दुसरा कोणी तयारच नव्हता.

धोंडाबाई सभेच्या दाराशी पोचली, वहाणा काढल्या, तर चोपदार राणोजीने काठी आडवी धरली. “कोणाचं कुटुंब?” ती म्हणाली, “थडीगावची सभासद.” “ते झालं हो. पण कोणाचं कुटुंब? मला पुकारा करायचा आहे.” “म्हाळू कुंभाराचं.” मग राणोजीने हाळी दिली, “म्हाळू कुंभाराचे कुटुंब येत आहेऽ,” आणि सभेने म्हाळू कुंभार कुठे दिसतो का म्हणून माना वळवल्या. ती जाऊन बैठकीवर बसली. दोन्ही बाजूंचे सभासद हातभर सरकले. तिची पाळी आली, ती उठली, आणि नारोपंत गोड आवाजात म्हणाले, “बोला की बाई. मात्र पागोटे?” सभा हसली. धोंडाबाई म्हणाली, “पागोटं बाप्ये बांधतात, पंत. मी कुठून आणू?” पंत म्हणाले, “कायदा डोईचे उतरवण्याचा आहे. पागोटे नसेल तर पदर उतरवा.” आणि हे शब्द तोंडातून पडतात न पडतात तोच सभेत एकच गलका, “शिव शिव! भर सभेत बोडक्या डोईची बाई! महाराजांच्या राज्याला काय सुतक आले?” पंतांनी लगेच कानाला हात लावला आणि निवाडा केला, की पदर उतरवणे अमंगळ आणि पदर ठेवून बोलणे बेकायदा, सबब बाईंनी बसावे. आणि धोंडाबाई बसली ती पाच वर्षे बसली. दर बैठकीला गेली, दर बैठकीला पुकारा झाला, आणि एक अक्षर बोलली नाही असे धरले गेले. गावी लोक विचारीत, “काय काकू, नावेचं काय झालं?” ती म्हणे, “माझा पदर डोईवर राहिला आणि नाव आहे तिथंच राहिली. चल, सरक, भट्टी लावायचीय मला.”

दुसऱ्या कौलाला गावाने तिलाच पुन्हा धाडले, कारण न बोलणारा सभासद कोणाला नको असतो? पण ह्या वेळी धोंडाबाईने डोके चालवले, आणि नवऱ्याचे पागोटे फडक्यात बांधून नेले. पाळी येताच उठली आणि गालिच्यावर पागोटे ठेवले, ठाप्पकन. नारोपंत वाकून बघते जाहले, मग म्हणाले, “हे कोणाचे?” “आमच्या ह्यांचं.” “मग वाक्यही त्यांचेच होणार. बोलावा त्यांना.” आणि म्हाळूला सरकारी घोड्यावरून आणवले. आता म्हाळू कसा, तर मडक्याशीसुद्धा हळू बोलणारा माणूस. त्याला वेशीवर गाठून धोंडाबाईने पढवले होते, “एवढंच म्हणा, घाटाला नाव द्या. दुसरं काही नको.” तो वाटभर पुटपुटत आला. पण आत आला तर झुंबरे, अत्तर, चांदीचे तबक, त्यात विडा, आणि तीनशे माणसे त्याच्यासाठी हातभर जागा करतायत. बायकोला कधी कोणी बस म्हटले नव्हते, त्याला लोड दिला. आणि महाराजांनी स्वतः विचारले, “काय म्हाळू, खुशाल?” आणि म्हाळूने हात जोडले आणि चार माणसांत जे म्हणायचे तेच म्हणाला, “महाराजांच्या कृपेनं सगळं आबाद आहे.” राणोजीने काठी आपटली. वाक्य झाले.

परतीच्या वाटेवर धोंडाबाई झपाझप पुढे. म्हाळू मागे मागे. शेवटी म्हणाला, “अगं, महाराजांनी खुशाल का म्हणून विचारलं, तर काय नाही म्हणायचं? रीत आहे का ती?” ती म्हणाली, “नाही, तुमचं बरोबरच आहे. काशी आबाद आहे. पायरी आबाद आहे.” मग तो रस्त्यातच बसला आणि लहान पोरासारखा रडला, आणि तिला पुन्हा त्याला उठवून, तोंड पुसून घरी आणावे लागले. रागावायचीही सवड मिळाली नाही. पुढचे दोन कौल म्हाळू लाजेने सभेकडे फिरकला नाही, आणि धोंडाबाई नुसतीच बसून आली.

आणि मग ह्या पागोट्याचे मोठे प्रस्थ झाले. बायका सभेत वाढत चालल्या हे खरे. एक होती, त्या चार झाल्या, मग पुन्हा दोन झाल्या, मग अकरा, मग तीसबत्तीस, अशी गोगलगाय चढते तशी चढण. पण बाई बैठकीवर आणि नवरा बाहेरच्या ओट्यावर. त्या ओट्याला लोक पागोट्यांचा ओटाच म्हणू लागले. आत बाई उठली की पंत विचारीत, “पागोटे कोणाचे?” की लगेच ओट्यावरून नवरा आत येई, विडा खाई, आपल्या सोयीचे वाक्य बोले, आणि लोक म्हणत, आमच्या बाईंनी फार चांगला मुद्दा मांडला. मग एकदा काय जाहले, भिवतळ्याची पाटलीण आली, तिचा नवरा वर्षापूर्वी वारलेला. तिने त्याचे पागोटे ठेवले. पंत म्हणाले, “मालकांना बोलावा.” ती म्हणाली, “बोलवा तुम्हीच.” पंतांची पंचाईत जाहली, शास्त्री पंडित बसले, खल केला, आणि निवाडा आला, की पागोट्याचा धनी येऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने बाईने बोलावे. म्हणजे त्या थोर सभेत बाईला तोंड उघडायचे, तर घरात नवरा मेलेला पाहिजे.

ही बातमी धोंडाबाईने घरी सांगितली, तेव्हा म्हाळू चाकावर होता. तो चाक न थांबवता म्हणाला, “म्हंजे मी गेलो की तुझं काम होईल.” ती ओरडली, “गप बसा! असलं अभद्र बोलायचं नाही. नाव गेली खड्ड्यात.” तो म्हणाला, “नाव कुठं खड्ड्यात जाते, येडे. पाण्यात जाते.” आणि दोघे हसली. ते शेवटचे मनापासून हसणे. पुढच्या थंडीत म्हाळूला खोकला धरला, आणि दोन महिन्यांत माणूस वाळून खापरी झाला. जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, “पागोटं धुऊन ठेव. मागल्या वेळी घामट होतं, मला लाज वाटली.” आणि मग म्हणाला, “ह्या खेपेला मी मधे बोलत नाही.” आणि बोलला नाही.

पाचव्या कौलाला धोंडाबाई निघाली तेव्हा गवराचे दिवस भरत आले होते. काशीची ती गवरा, अंगाने आईसारखीच नाजूक, लग्न गावातच झालेले. धोंडाबाईच्या मनात दुसरे काही नव्हते. नाव आधी आली पाहिजे, मूल मागून. गवरा म्हणाली, “आजे, तू नको जाऊस. मला भ्या वाटतं.” ती म्हणाली, “मी न जाऊन काय करू? पायरीवर बसून तुझा हात धरू? तुझ्या आईचा धरला होता.” आणि निघाली. वाटभर ते एकच वाक्य घोळवीत गेली, “थडीगावच्या घाटाला एक नाव द्या, महाराज.” त्यात एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. जास्त बोलायला गेले आणि मधेच काठी आपटली तर काय, ही धास्ती.

त्या दिवशी सभा फुलांनी सजवलेली. चौघडा चालू. नारोपंत, आता केस पांढरे झालेले, उभे राहिले आणि जाहीर करते जाहले, की महाराजांनी उदार होऊन तीनशे बैठकांतला तिसरा हिस्सा बायकांना बहाल केला असे. टाळ्या! पुरुषांनी तर उभे राहून वाजवल्या. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले. भिवतळ्याची पाटलीण जागेवरूनच म्हणाली, “कधीपासून, पंत?” पंत म्हणाले, “आधी मुलखाची शिरगणती होईल. मग परगण्यांच्या हद्दी नव्याने आखल्या जातील. मग लगेच.” “शिरगणती कधी?” पंत हसले. “पाटलीणबाई, आज आनंदाचा दिवस आहे. लाडू घ्या.” तेव्हा समजले, पुरुषांनी उभे राहून का वाजवल्या.

आणि त्या लाडवांच्या गडबडीत धोंडाबाई उठली. धुतलेले पागोटे गालिच्यावर ठेवले. ठाप्पकन नव्हे, हळू, निजलेले मूल ठेवतात तसे. पंत कुरकुरले, “शुभ दिवशी मेलेल्याचे पागोटे!” पण कायदा त्यांचाच होता. आणि धोंडाबाई त्या भरड आवाजात बोलली, सगळ्या सभेला ऐकू जाईल असे बोलली:

“थडीगावच्या घाटाला एक नाव द्या, महाराज.”

राणोजीने काठी आपटली. महाराज प्रसन्न होते, म्हणाले, “एवढेच? एवढ्यासाठी इतक्या खेपा? दिले! पंत, कोणते द्यावे?” पंत म्हणाले, “बाईंचेच द्यावे, महाराज. धोंडाबाई घाट. शिळेवर कोरून देऊ.” सभा वाहवा म्हणाली. धोंडाबाईला आधी उमगेना. मग उमगले आणि ती ओरडली, “अहो ते नव्हे! पाण्यातली! वल्ह्याची!” पण पागोटे राणोजीने उचलून तिच्या हाती दिलेले होते, म्हणून ती काही बोलली नाही, असे धरले गेले. राणोजी हळूच म्हणाला, “काकू, वाक्य झालं. बसा आता.” पाटलीण तिच्या कानाशी म्हणाली, “धोंडाकाकू, होडी म्हणायचं होतंस गं.” ती म्हणाली, “आमच्यात कोण होडी म्हणतं? जन्मभर नावच म्हटली. तू उठ की, तुझं वाक्य आहे ना?” पाटलीण खाली मान घालून म्हणाली, “माझं विहिरीला गेलं, काकू.” बाकीच्या बायकांनी बाहेरच्या ओट्याकडे पाहिले. ओट्यावर सगळ्यांचे नवरे लाडू खात होते. आणि पंतांनी आनंदाप्रीत्यर्थ सभा बरखास्त केली.

मग शिळा आली. कधी नव्हे ती सरकारने घाई केली. पल्याडच्या कचेरीतून, सरकारी नावेतून, ढोलताशे लावून शिळा आली, आणि तिच्याबरोबर मामलेदार आले, आणि त्याच दिवशी सकाळपासून गवराला कळा लागलेल्या. धोंडाबाईने तिला हाताला धरून घाटावर आणले होते, कारण नाव येणार हे ठाऊक होते. तोच नावाडी, आता दात पडलेला. धोंडाबाई म्हणाली, “शिळा उतरली ना? आता हिला घे.” तो तिच्या डोळ्यांत बघेना. “काकू, हुकूम शिळेचा आहे. माणसाचा नाही.” ती मामलेदाराकडे धावली. “साहेब, माझी नात अडलीय, पायरीवर बसलीय.” मामलेदार ताशांच्या आवाजात म्हणाले, “हो हो, तिलाही बोलवा! नारळ तुमच्याच हातचा फुटायचा!” तिने पुन्हा सांगितले, कानाशी जाऊन सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “बाई, मी जाताच कचेरीतून हुकूम काढतो. लगेच काढतो.” आणि नावेत बसले, ताशेवाले बसले, ढोल बसले, आणि नाव सुटली. हुकूम निघाला हेही खरे. पण तो घेऊन नाव परत अल्याड आली, तोवर ऊन कलले होते. गवरा नव्या शिळेला पाठ टेकून बसली होती, आजीच्या नावाला. शिळा ताजी होती, अक्षरांत शेंदूर ओला होता, तो तिच्या चोळीला लागला. मूल जगले. मुलगी. काशीचे झाले तेच गवराचे झाले.

बाराव्या दिवशी बारसे केले, कारण पोरीचा काय दोष. घुगऱ्या केल्या, पाळणा बांधला, शेजारच्या आयाबाया जमल्या. आत्याबाई पाळण्यात वाकून म्हणाली, “धोंडाकाकू, काय नाव ठेवायचं?” आणि तो शब्द ऐकून घुगऱ्या खाणारे हात थांबले. धोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “होडी.”

आत्याबाई म्हणाली, “अगं, हे काय नाव आहे?”

“नाव नव्हे. होडी. नीट ऐक आणि तिच्या कानात सांग. उद्या ही सभेत जाईल. दारात चोपदाराला ओरडावं लागेल, होडी येत आहेऽ म्हणून. तेव्हा तरी चुकीचं ऐकायची सोय राहणार नाही मेल्यांना.” आणि पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “हलवा पाळणा. बघत काय बसलात.”

येणेप्रमाणे जे घडले ते सांगितले, पदरचे घातले नाही. सभा चालू आहे. सभेत बायका आहेत, पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत, आणि ओटाही वाढवून बांधला आहे. तिसरा हिस्सा मंजूर आहे, शिरगणती व्हायची आहे. धोंडाबाई पुढच्याच वर्षी गेली, पागोटे पेटीत आहे. घाटाला नाव आहे, घाटावर नाव नाही, आणि होडी अजून पाळण्यात आहे.